पानथरी कुणी चाचपायची?

नर्सच्या हातात सगळ्यात आधी आलं ते थर्मामीटर. मग छातीला टाचलेलं सेकंदकाट्याचं घड्याळ. बीपीचं यंत्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आणि स्टेथोस्कोप इतका उशिरा, की आम्ही शिकत होतो तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, तो फक्त बीपी घेण्यापुरता मिळायचा. बीपी घेऊन झालं की परत कपाटात. एखादीनं तो गळ्यात राहू दिला तर वॉर्डातल्या सिस्टर सगळ्यांसमोर म्हणायच्या, "काय वं, डॉक्टरीण झाली का तू?"

आता मी जरीपटक्यात फर्स्ट इयरला शिकवते. निवृत्त झाल्यावर घरी करमलं नाही, हे त्याचं खरं कारण. इथल्या मुली प्रवेश घेतल्या घेतल्या आपापला स्टेथोस्कोप विकत आणतात, गुलाबी नाही तर जांभळा, नळीवर नाव घातलेला. इंडियन नर्सिंग कौन्सिलनं २०२१ साली बीएस्सी नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम आणला. त्यात पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी आहे आणि दुसऱ्या सेमिस्टरला 'हेल्थ असेसमेंट' असा स्वतंत्र भागच आहे. डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत रुग्ण तपासायचा आणि काय आढळलं ते स्वतः लिहायचं. मुलींना वाटतं, हे पहिल्यापासून असंच होतं. अजिबात नव्हतं. माणसाच्या अंगाला तपासणीसाठी हात कुणी लावायचा, कुठं लावायचा, आणि हाताला जे कळलं ते कागदावर चढवायचा अधिकार कुणाचा, यावरून आपल्याकडे फार भांडणं झाली आहेत. त्यातलं एक तर खुनापर्यंत गेलं.

जरीपटका म्हणजे उत्तर नागपूर. नाव मराठ्यांच्या निशाणाचं, पण वस्ती मुख्यतः सिंध्यांची. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबं इथं वसली, दुकानं टाकली, शाळा काढल्या. लागूनच इंदोरा, आमची बौद्ध वस्ती. माझं माहेर तिथलं. वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. दोन वस्त्यांची भाषा वेगळी, स्वयंपाक वेगळा, देवही वेगळे. पण रक्ताच्या दुखण्यानं दोघी सारख्याच गांजलेल्या : सिंधी घरांत थॅलेसेमिया, आमच्या घरांत सिकलसेल. जरीपटक्यात या दोन्ही आजारांसाठी मिळून एक केंद्र आहे. तिथं बाकावर बसलेल्या आयांना एकमेकींची अडचण समजावून सांगावी लागत नाही. या दोन आजारांमुळे माझ्या शिकवण्यात एका अवयवाला जरा जास्तच मान मिळतो. तो म्हणजे प्लीहा. आमच्याकडच्या बाया तिला पानथरी म्हणतात. तिच्याकडे येतेच, पण आधी मागचं थोडं.

अ‍ॅनाटॉमीच्या पहिल्या तासाला मी सुश्रुत सांगते. अभिमान वाटावा म्हणून नाही, पद्धत पाहण्यासारखी आहे म्हणून. शारीरस्थानात त्यानं प्रेत कसं तपासावं ते लिहून ठेवलं आहे. सगळे अवयव शाबूत असलेलं, विषानं न मेलेलं, फार दिवस आजारी नसलेलं प्रेत घ्यायचं. आतड्यांतला मळ काढून टाकायचा, मुंज गवतासारख्या कशात तरी ते गुंडाळायचं, पिंजऱ्यात ठेवून आडोशाच्या जागी पाण्यात सोडायचं. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंच्यानं हळूहळू घासत थरामागून थर पाहत जायचं. सुरी नाही, कुंचा. हाडं त्यानं तीनशे मोजली, चरकानं तीनशे साठ, आपण २०६ म्हणतो. मुली लगेच विचारतात, "मॅडम, मग ते चुकले का?" मोजायची रीत वेगळी होती. दात आणि कूर्चा ही मंडळी हाडांतच धरत, आणि चरकानं तर नखंही धरली. शिवाय तान्ह्या बाळाची हाडं मोजायला बसलात तर २०६ वर तुमचंही भागणार नाही. ती नंतर एकमेकांना जुळत जातात.

रुग्ण तपासायचे तीन मार्ग वाग्भटानं सांगितले : दर्शन, स्पर्शन, प्रश्न. पाहा, हात लावा, विचारा. आजच्या पुस्तकात हिस्टरी घेऊन झाली की चार पायऱ्या असतात, इन्स्पेक्शन, पाल्पेशन, परकशन, ऑस्कल्टेशन. म्हणजे खरं नवं आलं ते ठोकून पाहणं आणि ऐकणं, एवढंच. ठोकून पाहण्याची युक्ती लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरनं १७६१ साली लिहून प्रसिद्ध केली. त्याच्या बापाची खानावळ होती आणि दारूचं पिंप कुठवर भरलंय ते ठोकून ओळखायची तिथली रीत त्यानं छातीला लावली, असं सांगतात. सुमारे पन्नास वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचा डॉक्टर कॉर्व्हिसार यानं ते पुस्तक फ्रेंचमध्ये आणलं तेव्हा कुठं चालू झालं. ऐकण्याची गोष्ट मला जास्त आवडते. १८१६ मध्ये पॅरिसला लेनेक या डॉक्टरपुढे हृदयाची तक्रार असलेली एक तरुण, स्थूल बाई आली. तिच्या छातीला कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना, म्हणून त्यानं कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक छातीला आणि एक कानाला. आवाज उलट जास्त स्वच्छ आला. म्हणजे गुलाबी नळीचं ते यंत्र जन्मलं तेच बाईच्या अंगाला हात कसा लावायचा या अडचणीतून.

हीच अडचण आपल्या मुलखात १८९७ साली काय करून बसली, ते मी सावकाश सांगते. अभ्यासक्रमात ते नाही. असायला हवं होतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीला आला. पुढच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, आणि पुण्यात वॉल्टर रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेग कमिटी बसली. गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर शिरून आजारी माणसं शोधू लागल्या. काय शोधायचे ते? गाठ. प्लेगचा पिसू बहुधा पायाला चावतो, पायाची लिम्फ जांघेत जाते, म्हणून गाठ बहुतेक वेळा जांघेत येते. नाहीतर काखेत, नाहीतर मानेला. शास्त्र म्हणून यात चूक काहीच नाही. आजही लिम्फ नोड शिकवताना मी याच तीन जागा क्रमानं दाखवते : बोटांची पेरं कातडीवर घट्ट ठेवायची, कातडीसकट गोल फिरवायची, गाठ सरकते की चिकटलेली आहे ते पाहायचं, दुखते का ते विचारायचं. पण पुण्यात हे करत होते परके पुरुष शिपाई, लोकांदेखत, आणि करत होते त्या बायांवर, ज्यांनी दिराजेठासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. विचारणं नाही, सांगणं नाही, आडोसा नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी घातली. त्याच्याबरोबरचा आयर्स्ट जागीच मेला, रँड काही दिवसांनी.

चापेकरांची राजकीय बाजू इतिहासाचे लोक सांगतील. तिच्यात आणखीही पुष्कळ होतं. मी नर्स आहे, मला त्यात एक चुकीच्या हातानं केलेली बरोबर तपासणी दिसते. वर्गात पडदा ओढायचा, जेवढं तपासायचं तेवढंच अंग उघडं ठेवायचं, बाकी चादरीनं झाकायचं, काय करणार ते आधी सांगायचं, हो म्हटल्यावरच हात लावायचा, हे मुलींना परीक्षेच्या चेकलिस्टमधले दोन मार्क वाटतात. त्या दोन मार्कांवरून पुण्यात काय झालं ते ऐकल्यावर पडदा ओढायला कुणी विसरत नाही. आणि त्याच साथीत, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची सेवा करता करता प्लेग होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. हातच तो, पण लोकांनी तो झिडकारला नव्हता.

१८९६ हे सालच मला विलक्षण वाटतं. मुंबईत प्लेग त्याच साली आला. इटलीत रिव्हा-रोची नावाच्या डॉक्टरनं सायकलच्या ट्यूबचा पट्टा दंडाला बांधून रक्तदाब मोजायचं यंत्र दाखवलं तेही त्याच साली. आणि इकडे नागपुरात स्कॉटिश मिशनच्या लोकांनी महाराजबागेजवळ बायांसाठी मुरे मेमोरिअल हॉस्पिटल उघडलं तेही १८९६ मध्येच. बायांना तपासायला बाया, हा त्या सगळ्या मिशन दवाखान्यांचा पाया होता. लेडी डफरिनच्या नावानं १८८५ मध्ये निघालेला निधीही त्याच कामाचा. बाईला बाईनं तपासायचं ठरलं की डॉक्टरणी पुरत नाहीत, हे दुसऱ्याच दिवशी कळतं. मग डॉक्टरणीच्या हाताखालच्या मुलींना शिकवणं आलं. नर्सिंगच्या शाळा दवाखान्यांच्या पाठीला पाठ लावून निघाल्या त्या अशा.

त्या मुलींच्या हाती पहिलं दिलं गेलं ते थर्मामीटर, असं मी वर म्हटलं. त्यालाही कारण आहे. १८६० च्या आसपास थर्मामीटर फूटभर लांब असे आणि आकडा स्थिर व्हायला वीस मिनिटं लागत. लाइपझिगच्या वुंडरलिशनं तसल्याच थर्मामीटरनं पंचवीसेक हजार रुग्णांचा ताप मोजून १८६८ मध्ये मोठा ग्रंथ काढला. आज आपण नॉर्मल म्हणून जो ३७ अंश सेल्सियसचा, म्हणजे ९८.६ फॅरनहाइटचा आकडा पाठ करतो तो त्याचा. इंग्लंडमध्ये ऑलबटनं याच सुमारास सहा इंची, पाच मिनिटांत आकडा देणारं थर्मामीटर करवून घेतलं, आणि मगच ते खिशात मावलं. पण दर चार तासांनी प्रत्येक खाटेपाशी जाऊन ताप घ्यायला डॉक्टरला कुठला वेळ? ते काम नर्सकडे आलं. कंटाळवाणं होतं म्हणून आलं, हे आमच्यात कुणी उघड बोलत नाही. पण त्या कंटाळवाण्या कामातून टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा, चार्ट जन्मला, आणि टायफॉइडचा ताप पायरी पायरीनं चढतो, मलेरियाचा एकदम उसळून घाम येऊन उतरतो, हे त्या कागदावर सगळ्यात आधी नर्सला दिसू लागलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या १८५९ च्या पुस्तकात आजाऱ्याच्या निरीक्षणावर एक अख्खं प्रकरण आहे. निरीक्षण करा, डॉक्टरला अचूक सांगा, एवढीच तिची मागणी. निष्कर्ष काढा, असं ती म्हणत नव्हती, आणि पुढची शंभर वर्षं कुणी म्हटलंही नाही.

टीपीआरमधला आर, म्हणजे श्वास, हा माझा आवडता. श्वास मोजतोय असं रुग्णाला कळलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. तीन बोटं अंगठ्याच्या बाजूला रेडियल आर्टरीवर तशीच ठेवायची, नजर घड्याळावर आहे असं दाखवायचं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून छाती वरखाली होताना मोजायची. पूर्ण एक मिनिट. तीस सेकंद मोजून दुप्पट करायची सवय मी मोडून काढते. ही लबाडी मी शिकले ती एका केरळी सिस्टरकडून; त्या बोलायच्या तोडकं हिंदी, पण त्यांच्या हाताचं सगळं स्पष्ट कळायचं.

आमच्या बॅचमध्ये तशाच मुली जास्त होत्या : केरळच्या, छत्तीसगडच्या ख्रिस्ती, आणि आम्ही इंदोरा, पाचपावलीच्या. वरच्या जातींच्या घरांना मुलगी परपुरुषाचा लघवीचा पॉट उचलते हे चालत नव्हतं. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन काढलं आणि तिथल्या मुलींना नर्सिंग शिकायला ससूनला पाठवलं, तेव्हा त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल! विधवा बाईला जगायला साधन मिळालं तरी तिनं कुणाच्या अंगाला हात लावावा, हे समाजाला पचणं कठीण होतं. आमच्याकडे प्रश्न उलटा होता. आमच्या आजीच्या सावलीचाही विटाळ होता. १९५६ च्या दीक्षेनंतर वाढलेल्या तिच्या नाती वॉर्डात कुणाच्याही कपाळाला हात लावत होत्या आणि ताप आहे का ते सांगत होत्या. सुरुवातीला एखादी म्हातारी आडनाव विचारायची. रात्री ताप चढला की तीच हाक मारायची, "बाई, इकडं ये वं जरा." यात मी फार तत्त्वज्ञान शोधत नाही. पगार होता, हॉस्टेल होतं, पांढरा युनिफॉर्म होता, घरच्यांना पैसे पाठवता येत होते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं मोजदाद केली तेव्हा देशात सात हजारच्या आसपास नर्सेस होत्या, म्हणजे साधारण ४३,००० माणसांमागे एक. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला, शिक्षण एका धाग्यात आलं. तरी अ‍ॅनाटॉमी आम्ही शिकलो ती पुस्तकातूनच, एव्हलिन पिअर्सच्या. ती स्वतः नर्स होती आणि तिनं १९२९ मध्ये नर्सेससाठी लिहिलेलं ते पुस्तक आमच्यापर्यंत पोचेतो कित्येक आवृत्त्या जुनं झालं होतं. डिसेक्शन हॉल पाहायला नेलं की मुली दाराशीच गर्दी करायच्या. वर्गात एक खरा सांगाडा होता. तेव्हा कलकत्त्याहून जगभर सांगाडे जात. १९८५ मध्ये सरकारनं ती निर्यात बंद केली. आता आमच्या लॅबमधला सांगाडा प्लॅस्टिकचा आहे, मणके स्प्रिंगवर, आणि चार विद्यार्थिनींनी हात मिळवला की खांदा निखळतो.

पण खरी अ‍ॅनाटॉमी सांगाड्यावर येतच नाही, ती कातडीवरून यावी लागते. म्हणून मी मुलींना आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवायला लावते. गळ्याच्या खालच्या खळगीतून बोट सरळ खाली सरकवा. दोन इंचांवर एक आडवा उंचवटा लागतो. तो सापडला की बाजूला सरका, ती दुसरी बरगडी. तिच्याखालची फट दुसरी. तिथून उतरत पाचव्या फटीत या, हंसळीच्या मधोमध धरलेल्या रेषेवर थांबा, हृदयाचं टोक तिथं हाताला लागतं. मुलगी डोळे मिटते, बोट चालवते आणि एकदम म्हणते, "मॅडम, लागलं!" ज्या दिवशी हे लागतं त्या दिवशी ती नर्स व्हायला लागते, असं मला वाटतं. बाकी सगळं पाठांतर आहे.

पोटाला मात्र क्रम बदलतो. पाहायचं, मग ऐकायचं, मग ठोकायचं आणि चाचपायचं सगळ्यात शेवटी. आधी हात दाबलात तर आतडी ढवळली जातात आणि ऐकू येणारा आवाज खोटा होतो. शिवाय दुखणाऱ्या जागेला पहिलाच हात लागला की मूल पुढे पोट कडक करून ठेवतं. म्हणून दुखतं तिथं शेवटी जायचं.

आता पानथरी. तिच्यासाठी एक जुनी आकड्यांची माळ आहे : एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा. एक इंच जाड, तीन इंच रुंद, पाच इंच लांब, सात औंस वजन, नवव्या ते अकराव्या बरगडीखाली, डावीकडे, मागच्या अंगाला. निरोगी माणसात ती हाताला लागत नाही. दोन-तीन पट वाढली की मगच बरगडीच्या कडेखालून डोकावते, आणि वाढते ती तिरकी, बेंबीच्या दिशेनं, उजव्या जांघेकडे. म्हणून चाचपायला सुरुवात करायची ती पार उलट्या टोकाकडून, उजवीकडे खालून. नवखी मुलगी हमखास डाव्या बरगडीखाली हात खुपसते आणि खूप मोठ्या झालेल्या पानथरीच्या पोटावरच दाबत बसते. कड तिच्या हाताच्या कितीतरी खाली राहून जाते. रुग्णाच्या उजवीकडे उभं राहायचं, गुडघे जरा वाकवून घ्यायचे, डावा हात त्याच्या डाव्या बरगड्यांना मागून आधार द्यायला, उजवा सपाट पोटावर. मोठा श्वास घ्यायला सांगायचं. श्वासाबरोबर पानथरी खाली येते आणि आपणहून बोटांवर आपटते. आपण तिला शोधायला जायचं नाही, थांबायचं.

या पोटावर थांबण्याची विद्या नागपूरला लागते त्याला रक्ताचा इतिहास आहे. शिकागोच्या हेरिकनं विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी १९१० मध्ये नोंदवल्या. डेट्रॉइटच्या कूलीनं १९२५ मध्ये जो मुलांचा अ‍ॅनिमिया वर्णन केला तो थॅलेसेमिया. भारतात सिकलसेल पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत सापडला. आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातला सिकलसेल 'लॅन्सेट'मध्ये मांडला. म्हणजे आमच्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या ज्याला 'वात' म्हणत, हातपाय धरून मुलं रात्रभर रडत, त्याला नाव मिळालं तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण वस्तीत ते नाव पोचेतो माझे केस पिकायला लागले होते. थॅलेसेमिया काय, सिकलसेल काय, आईबापांपैकी एकाकडूनच आलं तर मूल वाहक होतं, सहसा ठणठणीत, शिवाय मलेरियाशी झगडायला जरा बळकट. म्हणून तर ही जनुकं टिकली. दोघांकडून आलं की आजार. गडचिरोली, गोंदियाच्या आदिवासी घरांतही सिकलसेल आहे. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला शेजारच्या मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं, त्यात आमचे जिल्हे आहेत.

थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. रक्त लावण्याआधी टीपीआर-बीपी, लावल्यावर पंधरा मिनिटांनी परत, मग ठरल्याप्रमाणे. ती पहिली पंधरा मिनिटं मुलापासून हलायचं नाही, थंडी वाजते का, कंबर दुखते का, अंगावर पित्त उठतं का ते पाहायचं. त्या मुलांची कपाळाची हाडं पुढे आलेली, गालाची वर आलेली. मज्जा रक्त बनवायच्या धडपडीत फुगते, म्हणून. सिकलसेलच्या लहान मुलाचं भय निराळं. त्याची पानथरी कधी कधी काही तासांत रक्त अडवून धरते. मूल एकदम पांढरं पडतं, पोट डावीकडे फुगतं, नाडी धावायला लागते. रक्त वेळेवर मिळालं नाही तर मूल जातं. सहा महिन्यांपासून साधारण पाचेक वर्षांपर्यंत हा धोका जास्त. पांढरेपणा कातडीवर शोधत बसू नका, खालची पापणी ओढा, जीभ पाहा, तळहाताच्या रेषा पाहा, हे मी सांगते. सावळ्या मुलाचा रंग गोऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून कळत नाही.

पण हे घडतं रात्री, घरी, जिथं ना डॉक्टर ना नर्स. यावर जमैकात एक साधी गोष्ट करून पाहिली गेली. तिथल्या सिकलसेल केंद्रानं जन्मतःच निदान झालेल्या मुलांच्या आयांना पानथरी चाचपायला शिकवलं. १९८५ मध्ये त्याचा अहवाल छापून आला : पानथरी अचानक वाढल्याच्या घटना जास्त लवकर ध्यानात आल्या आणि त्यानं मरणाऱ्या मुलांचं प्रमाण पुष्कळ खाली आलं. काही ठिकाणी आयांना लाकडी काडी देतात, बरगडीपासून पानथरीच्या कडेपर्यंतच्या अंतराची खूण केलेली. ताप आला की काडी लावून पाहायची.

आम्ही आयांना शिकवायला लागलो तेव्हा आमच्यातल्याच काहींनी नाक मुरडलं. आईला काय कळणार, उगाच घाबरतील, रोज उठून दवाखान्यात येतील. मला हे शब्द ओळखीचे वाटले. स्टेथोस्कोपच्या वेळी ऐकलेले, फक्त आता बोलणाऱ्या आम्ही होतो. शिकवायला अर्धा तास पुरतो. आईचा हात मुलाच्या पोटाला सरावलेला असतो, मूल तिच्या हाताखाली पोट कडक करत नाही, आणि कालच्यापेक्षा आज किती हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. सिंधी अम्मा हिंदीत, आमच्या बाया वऱ्हाडीत, पण बोटं मोजायची रीत एकच : बरगडीखाली किती बोटं.

मागच्या पावसाळ्यात माझी एक विद्यार्थिनी पोस्टिंगला असताना इंदोऱ्याची एक आई तीन वर्षांच्या पोराला घेऊन पहाटे आली. पोर तापानं सुकलेलं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं विचारलं काय झालं, तर ती म्हणाली, "रात्री दोन बोटं होती, आता चार झाली." त्यानं विचारलं, कुणी पाहिलं? ती म्हणाली, "म्या पाह्यलं." त्यानं खालून हात आणत चाचपलं, चार बोटं भरली. हिमोग्लोबिन धाडलं, ते खूप उतरलं होतं, तासाभरात रक्त लागलं. पोर आता बालवाडीत जातं. विद्यार्थिनी केसशीट घेऊन माझ्याकडे आली. आईनं सांगितलेलं 'हिस्टरी'त लिहायचं की 'फिजिकल असेसमेंट'मध्ये, हे तिला कळेना. मी म्हटलं, "असेसमेंटमध्ये लिही. रात्रीची वेळ घाल, दोन बोटं लिही, आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात आईचं नाव टाक."